तीन हजार दोनशे, अधिक-उणे

पहाटे ५.३०

उठल्याउठल्या चहा नाही, आधी लॅपटॉप. रात्री झोपताना लावलेला रन संपलाय का, ते बघायचं असतं. संपलाय. एका ताऱ्याचा स्पेक्ट्रम घ्यायचा, त्यावर संगणकाने तयार केलेले शेकडो नमुना स्पेक्ट्रम एकेक करून ठेवायचे, प्रत्येक वेळी फरक किती पडतो ते मोजायचं आणि फरक सगळ्यात कमी कुठे येतो ते शोधायचं. या जुळवणीला फिट म्हणतात. हे कष्टाचं काम यंत्राकडे. सकाळी उठून त्याच्यावर शंका घ्यायचं काम माझ्याकडे.

पडद्यावरचा आकडा आहे ३,२१८ केल्विन, अधिक-उणे १२. पहिला भाग मान्य. दुसऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही, आणि आजचा सगळा दिवस त्या बारावरच जाणार आहे.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएचडी करते. विषय थंड बटू ताऱ्यांचा, म्हणजे लाल किंवा एम जातीच्या बटूंचा. थंड म्हणजे साधारण २,४०० ते ३,९०० केल्विन. आपला सूर्य ५,७७२ चा. आपल्या शेजारपाजारचे तारे मोजले तर दर चारांतले जवळपास तीन या जातीचे निघतात, आणि तरी नुसत्या डोळ्यांना त्यातला एकही दिसत नाही. टाइमटेबलात आज लेक्चर नाही, म्हणून कोलशेतच्या घरी बसून काम. जुलै आहे. खिडकीबाहेर खाडी गढूळ आणि भरलेली, पलीकडे भिवंडीच्या बाजूचे दिवे पावसात विरघळल्यासारखे. आकाशाशी आज आपला संबंध नाही, आणि खरं सांगायचं तर एरवीही नसतो. माझं आकाश फाइलींमध्ये असतं.

७.००

डबे, गाळणं, दूध, गॅसवर कुकर. पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद, त्यामुळे गावातली मावशी खाडीतल्या चिंबोऱ्या घेऊन येते आणि भाव दाराशी नाही, जिन्यातच ठरतो. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

८.३०

आता खरी सुरुवात. तारा आहे बर्नार्डचा. सुमारे सहा प्रकाशवर्षांवरचा. एडवर्ड बर्नार्ड यांनी १९१६ साली दाखवून दिलं की हा आकाशात इतर कुठल्याही ताऱ्यापेक्षा वेगाने सरकतो, वर्षाला दहा विकलांहून थोडा जास्त. भुजंगधारी तारकासमूहात आहे, म्हणजे जुलैच्या संध्याकाळी कोलशेतवरूनच जात असतो. पण प्रत साडेनऊ, वर ढग, खाली हायवेचा उजेड. असो. स्पेनमधल्या कालार आल्तो वेधशाळेतल्या कार्मेनेस नावाच्या उपकरणाने २०१६ पासून असल्या ताऱ्यांचे हजारो स्पेक्ट्रम घेतले आणि २०२३ मध्ये त्यातले एकोणीस हजारांहून जास्त सगळ्यांसाठी खुले केले. माझ्यासारख्यांचा संसार त्यावर चालतो.

स्पेक्ट्रम हातात आला की आधी पट्टी तपासायची. तरंगलांबी कुणाच्या हिशेबाने दिलीय, हवेतली की निर्वातातली? हवेत प्रकाश किंचित हळू चालतो, म्हणून तीच रेषा हवेत ७,००० अँगस्ट्रॉमवर असेल तर निर्वातात जवळजवळ दोन अँगस्ट्रॉम पुढे पडते. दोन अँगस्ट्रॉम ऐकायला काहीच नाही, पण वेगाच्या भाषेत ते सेकंदाला ८३ किलोमीटर होतात. जुन्या सूच्या बहुधा हवेतल्या, नव्या बहुधा निर्वातातल्या. फाइलीच्या डोक्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही.

मग ताऱ्याचा स्वतःचा वेग. बर्नार्डचा तारा सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरने आपल्याकडे येतोय. त्यामुळे ८,१८३ वर असायला हवी ती सोडियमची रेषा ८,१८० वर सापडते. तिच्या जोडीची ८,१९५ ची ८,१९२ वर. वर पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटरने फिरते, तेही वजा करायचं. आणि सगळ्यात चिवट म्हणजे आपली हवा. ७,६०० च्या आसपास ऑक्सिजनचा एक काळाकभिन्न पट्टा उमटतो. तो ताऱ्याचा नाही, आपल्या श्वासातल्या ऑक्सिजनचा. सोडियमच्या त्या जोडीच्या अवतीभवती पाण्याच्या वाफेच्या बारीक रेषांची पालवी फुटलेली असते. ज्या रेषांवर माझं पोट अवलंबून, नेमक्या त्यांच्यातच ही घुसखोरी. असे भाग मी खोडून टाकते. सकाळचा बराच वेळ काय वापरायचं नाही हे ठरवण्यातच जातो, आणि ते काम कुठल्याही पेपरात दीड ओळीच्या वर जागा घेत नाही.

१०.००

थंड तारे अवघड का, ते इथे कळतं.

सूर्यासारख्या ताऱ्याचा स्पेक्ट्रम बघितला तर वर एक सलग प्रकाशाची रेघ असते आणि तिच्यातून खाली उतरलेल्या काळ्या शोषणरेषा. रेषा किती खोल आहे हे वरच्या रेघेपासून मोजायचं, त्यावरून लोह किती, कॅल्शियम किती ते काढायचं. तापमान तीन हजारांवर उतरलं की अणू एकमेकांना धरून रेणू बनवायला लागतात, आणि रेणू एकेक रेषा देत नाही, हजारो देतो. टायटॅनियम ऑक्साइड हा त्यातला दादा. सूर्याच्या घडणीत हायड्रोजनच्या दर दहा कोटी अणूंमागे टायटॅनियमचे जेमतेम नऊ. तेवढ्या नऊंनी ऑक्सिजनशी हातमिळवणी केली की ७,०५० अँगस्ट्रॉमपाशी प्रकाशाचा कडाच कोसळतो. मूळ प्रकाशाची वरची रेघ कुठेच शिल्लक राहत नाही. आपण जिला रेघ म्हणून धरतो, तीही रेणूंनी आधीच खाल्लेली असते. पुराच्या पाण्यात उभ्या माणसाची उंची काठावरून सांगायची, पाण्याखाली किती आहे हे माहीत नसताना, तशातली गत.

यावर जुन्या लोकांनी एक झकास उपाय काढला, आणि मी अजूनही प्रत्येक ताऱ्यावर तो आधी करून बघते. ७,०४२ ते ७,०४६ या पट्टीतला सरासरी प्रकाश घ्या; ही कड्याच्या वरची जागा. ७,१२६ ते ७,१३५ मधला घ्या, ही दरीतली. दुसऱ्याला पहिल्याने भागा. या भागाकाराला टीआयओ-५ म्हणतात. रीड, हॉली आणि गिझिस यांनी १९९५ मध्ये दिलेलं सूत्र असं की हा भागाकार १०.७७५ ने गुणून ८.२ मधून वजा केला की एम जातीतला उपप्रकार मिळतो. बर्नार्डच्या ताऱ्याचा भागाकार ०.४० च्या आसपास येतो; गुणाकार ४.३१, वजाबाकी ३.८९. म्हणजे एम-४, अर्ध्या उपप्रकाराच्या चुकीसकट. कागद, पेन्सिल आणि दोन बेरजा. रात्रभर पंखा गरगरवणाऱ्या लॅपटॉपला हे सांगायची सोय नाही.

पण उपप्रकार म्हणजे तापमान नव्हे. त्यासाठी नमुना स्पेक्ट्रम लागतात. जर्मनीत तयार झालेल्या फिनिक्स संग्रहात तापमानाची पायरी १०० केल्विनची, गुरुत्वाची आणि धातूंच्या प्रमाणाची अर्ध्या-अर्ध्या एककाची. मधलं सगळं आपण अंदाजाने भरतो. शंभराच्या पायऱ्यांवर उभं राहून फिटने मला बाराची खात्री द्यावी, हे पहाटेपासून खटकतंय ते यामुळे. शिवाय ते बारा फक्त प्रकाशातल्या खरखरीचे आहेत. नमुन्यातच टायटॅनियम ऑक्साइडच्या रेषा जागेवर नसतील तर? ही शंका हवेतली नाही. लंडनच्या एक्सोमोल प्रकल्पाने २०१९ मध्ये या रेणूची नवी, सुधारलेली रेषासूची दिली, कारण आधीच्या सूच्या बारीक तपशिलात स्पेक्ट्रमशी जुळत नव्हत्या. २०१९ च्या आधीचे नमुने जुन्या सूचीवर बेतलेले आहेत. फिटला हे ठाऊक नाही. मला आहे.

११.४५

लाइट गेली. इन्व्हर्टरवर राउटर आणि एक पंखा तेवढे चालतात. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झालीय. रन थांबवला.

काम असं मध्येच बंद पडलं की मला कावसजी दादाभाई नायगमवाला आठवतात. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीवर त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली आणि १८८८ पासून ती चालवली, तीही मुळात स्पेक्ट्रम अभ्यासण्यासाठी. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण त्यांनी जेऊरला जाऊन टिपलं. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, साहित्य कोडाईकनालला गेलं. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर वेधशाळेला कुलूप लागावं, याला माझ्याकडे एकच शब्द आहे: करंटेपणा. पुण्यात हा धागा पुन्हा जुळायला आयुका ही खगोलविज्ञान संस्था यावी लागली. तिथे रंजन गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच न्यूरल नेटवर्ककडून ताऱ्यांच्या स्पेक्ट्रमचं वर्गीकरण करून घेतलं होतं, हे आजच्या एआयच्या गदारोळात कुणी सांगत नाही. पुढे २००४ मध्ये भारतीय आणि अमेरिकन मंडळींनी मिळून १,२७३ ताऱ्यांच्या स्पेक्ट्रमचा इंडो-यूएस संग्रह काढला, त्यातही गुप्ता होतेच.

साडेबाराला लाइट आली. जेवण, भांडी.

२.३०

टीवायची, म्हणजे तिसऱ्या वर्षाची, एक विद्यार्थिनी येते. तिला प्रोजेक्ट हवाय आणि मला कुणीतरी प्रश्न विचारणारं. ढोकाळीहून शेअर रिक्षाने आली, ओली छत्री बाहेर ठेवली, आणि बसायच्या आत म्हणाली, "मॅडम, स्पेक्ट्रम नसता तर तापमान काढताच आलं नसतं का?"

बरोबर प्रश्न. काढता येतं, आणि तोच माझ्या फिटवरचा पंच आहे. तिला वही उघडायला लावली.

कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर चारा नावाची सोय आहे. लांब लांब ठेवलेल्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून ती ताऱ्याची तबकडी मोजते. बर्नार्डच्या ताऱ्याचा कोनीय व्यास तिने दिला एक सहस्रांश विकलेहूनही थोडा कमी, ०.९५. अंतर गाया उपग्रहाने दिलेलं. दोन्हींचा गुणाकार केला की व्यास येतो सुमारे २ लाख ६० हजार किलोमीटर. गुरूच्या दुपटीहूनही कमी! तिने दोनदा ताळा केला. म्हणजे त्रिज्या सूर्याच्या ०.१८७ पट. एकूण प्रकाश सूर्याच्या ०.००३४ पट.

"आता स्टीफनचा नियम," म्हटलं. प्रकाशाला त्रिज्येच्या वर्गाने भाग: ०.००३४ भागिले ०.०३५, आलं ०.०९७. त्याचं वर्गमूळ, आणि पुन्हा वर्गमूळ: ०.५५८. गुणिले ५,७७२.

"तीन हजार दोनशे एकवीस," ती म्हणाली, मग पडद्यावरचा ३,२१८ बघून, "मॅडम, जुळलं की!"

जुळलं, पण मी तिला त्रिज्या पाच टक्क्यांनी वाढवून हिशेब परत करायला लावला. तापमान अडीच टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ऐंशी केल्विनने. तिचा चेहरा पडला. व्यास असा थेट मोजता आलेले लाल बटू थोडेच, जवळचे तेवढेच. बाकीच्या सगळ्यांना या थोड्यांवरून बेतलेली पट्टी लावायची. अँड्र्यू मान आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १८३ ताऱ्यांवर अशी पट्टी बसवली. त्यांच्या तापमानातली चूक ६० केल्विनच्या घरात. या धंद्यात साठ म्हणजे उत्तम. बारा म्हणजे थाप.

गुरुत्वाचंही तिने काढलं. वस्तुमान सूर्याच्या ०.१६ पट, त्रिज्या ०.१८७, पृष्ठभागावरचं गुरुत्व पृथ्वीच्या जवळपास १३० पट. एवढ्या दाबाखाली सोडियमची ती ८,१८३ ची जोडी रुंद आणि खोल होते. राक्षसी लाल ताऱ्यात तीच अगदी किरकोळ दिसते. एका नजरेत बटू आणि राक्षस वेगळे करता येतात ते यावरून.

४.००

सरांचा फोन. माझे गाइड. विचारपूस वगैरे नाही, थेट मुद्दा.

"किती आला?"

"बत्तीसशे अठरा, सर."

"अधिक-उणे?"

"फिट बारा म्हणतोय. मी साठ लिहिणार आहे."

"बरं. आणि मेटॅलिसिटी?"

इथे मी गप्प बसले, कारण इथे सगळेच गप्प बसतात. ताऱ्यात लोहासारखे जड अणू सूर्याच्या तुलनेत किती, हे लाल बटूत काढणं सगळ्यात कठीण. आकडा घातांकात लिहितात: −०.४ म्हणजे लोह सूर्याच्या ४० टक्के. घोटाळा असा की टायटॅनियम ऑक्साइड कमी दिसला तर धातू कमी असतील, किंवा तारा जरा गरम असेल, किंवा ऑक्सिजन कार्बनने आधीच पळवला असेल. कार्बन आणि ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड बनून घट्ट बसतात. उरलेल्या ऑक्सिजनमधून पाणी आणि टायटॅनियम ऑक्साइड होणार. म्हणजे टायटॅनियमच्या पट्ट्यावर कार्बनचीही सत्ता.

यातून वाट काढली ती जोडताऱ्यांनी. सूर्यासारखा एक तारा आणि दूरवरून त्याच्याभोवती फिरणारा लाल बटू, दोघे एकाच ढगातून जन्मले, म्हणून दोघांची घडण एक मानायची. मोठ्याचं लोह नीट मोजता येतं. तेच धाकट्याच्या नावावर लिहायचं आणि मग धाकट्याच्या स्पेक्ट्रममधली कुठली खूण त्याच्याबरोबर बदलते ते शोधायचं. बार्बरा रोहास-आयाला यांनी २.२ मायक्रॉनजवळच्या सोडियम आणि कॅल्शियमच्या रेषा आणि पाण्याचा पट्टा मिळून अशी खूण बसवली. लाल बटू सगळ्यात जास्त प्रकाश अवरक्तातच देतात, त्यामुळे तिकडे बघणं शहाणपणाचं.

आणि इथे आपल्या मुंबईचा हात लागतो. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या गटाने तयार करवून आणलेलं टिरस्पेक हे अवरक्त उपकरण २०१३ पासून लडाखमधल्या हानले इथल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवर बसलं. साडेचार हजार मीटर उंची, हवेत पाण्याची वाफ नाहीच म्हणा ना. कोलकात्याच्या एस. एन. बोस केंद्रातल्या सौमेन मंडल यांच्या गटाने त्याच टिरस्पेकने लाल बटूंचे स्पेक्ट्रम घेऊन त्यांची तापमानं, त्रिज्या, तेज काढली; निबंध २०२० चा. टिरस्पेकचंच धाकटं पण जास्त ताकदीचं भावंड टॅनस्पेक आता नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर आहे. माझ्या टेबलावर तो निबंध कायम असतो. आपल्याकडच्या दुर्बिणीवर हे काम होत नाही असं म्हणणाऱ्याच्या हातात तो द्यायला बरा पडतो.

सरांना एवढंच म्हटलं, "सर, तीन पद्धतींनी काढते, मग बोलू."

"तीन वेगळे आले तर?"

"तिन्ही लिहीन."

ते हसले. त्यांनाही २०२२ चा पासेगर यांचा निबंध माहीत आहे. वेगवेगळ्या पद्धतींच्या जाणकारांनी तेच १८ लाल बटू घेतले, तेच कार्मेनेसचे स्पेक्ट्रम, आणि धातूंचे आकडे तरी एकमेकांशी जुळले नाहीत. कारणं शोधून, वाटा सारख्या करूनही मतभेद पूर्ण मिटले नाहीत. मला हा या क्षेत्रातला सगळ्यात प्रामाणिक निबंध वाटतो.

६.००

पाय मोकळे करायला सँडोझ बागेपर्यंत. सँडोझचा कारखाना गेला, त्याचं पुढचं क्लॅरियंट हे नावही गेलं, जागेवर टॉवर आले. बागेचं नाव तेवढं टिकलंय. कापूरबावडीच्या बाजूने हॉर्नचा एकसुरी आवाज. कोथिंबीर वीस रुपये जुडी. घेतली.

८.३०

रात्रीच्या जेवणानंतर एक तास तक्ता भरायचा.

एवढा आटापिटा कशासाठी, हे अधूनमधून स्वतःला सांगावं लागतं. कारण आहे ग्रह. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना किती टक्के प्रकाश अडवतो तेवढंच दिसतं; ग्रहाचा आकार त्यावरून काढायचा तर आधी ताऱ्याचा माहीत हवा. शुभम कनोडिया आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये जाहीर केलेला टीओआय-५२०५ बी घ्या. सूर्याच्या ०.३९ पट त्रिज्येचा एम-४ तारा, आणि त्याचा तब्बल सात टक्के प्रकाश झाकणारा ग्रह. सात टक्क्यांचं वर्गमूळ घेऊन हिशेब केला की ग्रह गुरूएवढा निघतो. एवढ्याशा ताऱ्याला एवढा ग्रह कसा झाला, यावर अजून वाद आहे. आता ताऱ्याची त्रिज्या दहा टक्के जास्त निघाली असं समजा. ग्रहही दहा टक्के फुगला, घनफळ ३३ टक्क्यांनी वाढलं, वस्तुमान तेच धरलं तर घनता २५ टक्क्यांनी उतरली. खडकाळ आहे की वायूचा, पाणी असेल की नाही, असल्या बातम्या छापून येतात तेव्हा त्यांच्या बुडाशी कुणीतरी काढलेलं ताऱ्याचं माप असतं. बातमीत ते अधिक-उणे कधीच नसतं.

तक्त्यात लिहिलं: तापमान ३,२२० ± ६०. शेवटचा आकडा शून्य, मुद्दाम. साठ केल्विनची शंका असताना अठराचा थाट मिरवू नये. गुरुत्वाचा लघुगणक ५.१, फिटमधून नव्हे तर वस्तुमान आणि त्रिज्येवरून. फिटवर सोडलं तर तो गुरुत्व आणि धातूंची अदलाबदल करून मोकळा होतो. मेटॅलिसिटीच्या रकान्यात तीन ओळी, तीन पद्धतींची नावं. आकडा फक्त पहिलीसमोर.

१०.३०

पुढचा रन लावला. आज नमुने नव्या रेषासूचीचे, आणि ७,६०० जवळचा पट्टा पूर्ण वगळलेला. सकाळी अधिक-उणे बाराऐवजी तीस आलं तर मला आनंद होईल. चूक वाढली म्हणून आनंद होणारी माणसं आमच्याच धंद्यात.

बीएस्सी-एमएस्सीच्या मुलामुलींना एक सांगते. कार्मेनेसचे स्पेक्ट्रम खुले आहेत, फिनिक्सचे नमुने खुले आहेत, गायाची अंतरं खुली आहेत, आणि पायथनला पैसे पडत नाहीत. बर्नार्डचा तारा उतरवून घ्या. फाइल निर्वातातली असेल तर आधी तरंगलांबी हवेतली करा आणि ताऱ्याचा वेग काढून टाका, कारण १९९५ च्या पट्ट्या हवेतल्या आहेत. मग ७,०४२ आणि ७,१२६ च्या दोन पट्ट्या काढा, भागाकार करा आणि तो वरच्या सूत्रात घाला. ३.९ च्या जवळ काही आलं तर तुमचं बरोबर आहे, आणि नाही आलं तर आधी वेग आणि हवा-निर्वात तपासा.